कुठल्या शहरात राहू, मावशी?

(सामुदायिक रेडिओवर महिलांसाठीच्या दुपारच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)

दुपारची भांडी आवरून जरा टेकला असाल. कुणी डाळिंबाच्या बागेत सावलीला बसून फोनवर ऐकत असेल, कुणाच्या पुढ्यात निवडायची गवार असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात एका रात्री साडेदहाला माझ्या भाचीचा फोन आला. ती नर्स आहे, पुण्यातल्या एका खाजगी दवाखान्यात काम करते. जावईबापू चाकणला कारखान्यात कंत्राटावर आहेत. चार वर्षांची मुलगी आहे. मोशीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. ती म्हणाली, "मावशी, सरकारी दवाखान्यातली नोकरी लागली गं. पण नागपूरला." आणि पुढे बोलेचना. मी म्हटलं, "अगं, पेढे वाटायचं सोडून रडतेस काय?" तर म्हणाली, "सगळे म्हणतायत, पुणं सोडून कुणी नागपूरला जातं का? सासूबाई म्हणतात लांब पडेल. आई म्हणते उन्हानं वाळून जाशील. हे तर काहीच बोलत नाहीत. तू इतक्या शहरांत संसार केलास. तूच सांग, कुठल्या शहरात राहू?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत डोक्यात जे फिरत होतं, ते आज तुमच्यापुढे मांडते. कारण हा प्रश्न एकट्या माझ्या भाचीचा नाही. आपल्या सांगोला तालुक्यात असं घर दाखवा, ज्यातलं कुणी पुण्या-मुंबईला नाही. मुलीचं स्थळ आलं की पहिलं वाक्य काय असतं? "मुलगा पुण्यात आहे, स्वतःचा फ्लॅट आहे." झालं, चहा येतो, सुपारी फुटते. पुण्यात म्हणजे नेमकं कुठे, तिथे नळाला पाणी येतं का, मुलीला तिथून कामावर जाता येईल का, हे कुणी विचारत नाही. गाय घेताना आपण चार वेळा धार काढून बघतो. शहर मात्र नाव ऐकून घेतो.

आमच्या यांची बँकेतली नोकरी, दर चार-पाच वर्षांनी बदली. त्यामुळे डोंबिवली, नागपूर, तेव्हाचं औरंगाबाद म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि शेवटी पुणे, एवढ्या ठिकाणी मी चूल मांडली. माझ्याजवळ शिवणकामाचा डिप्लोमा होता आणि एक मशीन होतं. ते मशीन प्रत्येक बदलीत ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढायचं आणि सगळ्यात आधी उतरायचं. कुठलं शहर कसं, ते मला त्या मशीननं शिकवलं.

पहिलं शहर मुंबई. लग्न होऊन १९९१ साली डोंबिवलीला आले. आता डोंबिवली काही मुंबई महापालिकेत नाही, पण पोटापाण्यासाठी सगळं गाव मुंबईकडेच धावतं. मला दादरला कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात काम मिळालं. डोंबिवली ते दादर सुमारे चाळीस किलोमीटर. सकाळी पावणेपाचला उठायचं, दोन डबे भरायचे, गाडी गाठायची. पहिले पंधरा दिवस मी रोज रडले. गर्दीत चप्पल गेली, एकदा मंगळसूत्र तुटलं.

पण सोळाव्या दिवशी डब्यातल्या एका बाईनं हात धरून मला आत ओढलं आणि म्हणाली, "रोज याच दरवाज्यापाशी उभी राहा, मी जागा धरते." त्या दिवसापासून मुंबई माझी झाली. त्या लेडीज डब्यात आम्ही भाजी निवडली, भिशी चालवली, नवरात्र साजरं केलं, एकीच्या डोहाळजेवणाला डब्यात पाळणासुद्धा बांधला. १९९२ साली पश्चिम रेल्वेनं चर्चगेट-बोरिवली अशी फक्त बायकांची अख्खी गाडीच सुरू केली, तेव्हा आमच्या मध्य रेल्वेच्या डब्यात केवढी चर्चा झाली होती! कामाला जाणाऱ्या बाईला मुंबई कधी प्रश्न विचारत नाही. रात्री दहाला स्टेशनवर उतरणाऱ्या बाईकडे कुणी वळून बघत नाही, कारण तिच्यासोबत आणखी पन्नास जणी उतरलेल्या असतात. शिवाय संध्याकाळी थकून आलात तर नाक्यावर पोळीभाजी केंद्र आहे, पाळणाघर आहे. बाईच्या हातच्या कामाला तिथे बाजारात किंमत आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं.

मग मुंबईत वाईट काय? जागा. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात आम्ही दोघं, सासूबाई, दीर आणि पुढे दोन मुलं. शिवणमशीन उघडायचं तर आधी कॉट उभी करायची. रोजचे अडीच-तीन तास प्रवासात. आणि पावसाळा! पुण्याच्या सुमारे तिप्पट पाऊस तिथे पडतो. २६ जुलै २००५ ला एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आम्ही डोंबिवली सोडलेली होती. पण आमच्या डब्यातल्या दोघी त्या दिवशी दुसऱ्या दिवसापर्यंत घरी पोचल्या नव्हत्या. मुंबई पैसा देते, पण त्याच्या बदल्यात दिवसातले तास घेते.

दुसरं शहर नागपूर. १९९७ साली बदलीचा कागद आला तेव्हा मीसुद्धा आज माझी भाची रडते तशीच रडले होते. मुंबईहून रेल्वेनं आठशे किलोमीटरच्या वर. मला वाटलं, महाराष्ट्राबाहेरच चाललो. उतरलो तो मे महिना. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि चुलीचं तोंड उघडल्यासारखी झळ लागली. तिथे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे लोक नेहमीचाच उन्हाळा म्हणतात.

पण नागपूर उन्हाशी भांडत नाही, त्याच्याप्रमाणे वागतं. कामं सकाळी उरकायची, अकरा-बारानंतर दारं-खिडक्या बंद, कूलरमध्ये पाणी भरायचं, संध्याकाळी सहानंतर पुन्हा बाहेर पडायचं. डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाई घराबाहेर पडत नाही. शेजारच्या वहिनींनी पहिल्याच आठवड्यात मला कांदा जवळ ठेवायला आणि कैरीचं पन्हं करायला लावलं. "काय करून राहिल्या वहिनी?" असं विचारत त्या आत यायच्या. पहिल्यांदा मला हसू यायचं, पुढे मीच तसं बोलायला लागले.

आणि तिथे मला जागा मिळाली. मुंबईच्या निम्म्या भाड्यात तीन खोल्या, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. एक खोली माझ्या मशीनची! मी शिवणकामाचा वर्ग काढला. पाच वर्षांत एका मशीनची चार झाली. बारा-बारा मुली यायच्या. कापड आणायला सीताबर्डीला लूनावरून पंधरा मिनिटांत जायची आणि यायची. मुलं शाळेतून यायच्या आत घरी. बायांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या स्वतःच्या नावावर सगळ्यात जास्त पैसे जमले ते नागपूरला. आणि गंमत बघा, आमच्या गावाकडच्या कुणाला विचारलं असतं तर म्हणाले असते, "बिचारी, नागपूरला टाकली."

नागपूरचा दोष म्हणाल तर अंतर. १९५६ पर्यंत ते आधी मध्य प्रांताच्या आणि मग मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर होतं, त्याची रस्त्यांची ऐसपैस मांडणी त्यावेळची आहे. पण आपल्या बाजूच्या माणसाला ते फार लांब. माझे वडील गेले तेव्हा मला पोचायला दीड दिवस लागला. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. ते दुःख अजून आहे. म्हणून भाचीच्या सासूबाई लांब म्हणतात, ते मी हसण्यावारी नेत नाही.

तिसरं शहर औरंगाबाद. २००२ ते २००६. कामाच्या दृष्टीनं शहर चांगलं. वाळूज, चिकलठाण्याचे कारखाने, विद्यापीठ, घाटीसारखा मोठा सरकारी दवाखाना. भाडी परवडणारी, माणसं प्रेमळ. पण माझा वर्ग तिथे चालला नाही. कारण सांगू? पाणी.

शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरून आणायचं आणि तेही खालून वर उपसून. ज्या शहरात मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नहर खेळवून घरोघर पाणी नेलं, पाणचक्की आजही लोक बघायला येतात, त्या शहरात आमच्या नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी यायचं, आणि पुढे तर उन्हाळ्यात पाच-पाच, सहा-सहा दिवसांनी.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, भरून ठेवायचं. तर हिशोब करू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी प्रमाण आहे. चौघांच्या घराला रोजचे ५४० लिटर. पाणी पाचव्या दिवशी येणार असेल तर २७०० लिटर साठवायला हवं. आपल्याकडचं निळं पिंप असतं २०० लिटरचं. म्हणजे साडेतेरा पिंपं! कुठे ठेवणार? मग बाई काय करते? स्वतःची अंघोळ उरकते, कपडे दोन दिवस साठवते, धुतलेल्या पाण्यात फरशी पुसते. आणि पाण्याच्या दिवशी कुठेही जात नाही. पाणी रात्री दोनला येवो की दुपारी एकला, घरात बाई हजर हवी. माझ्या वर्गातल्या मुली म्हणायच्या, "मॅडम, आज आमच्या गल्लीत पाणी आहे, येणार नाही." दुसऱ्या दिवशी दुसरी गल्ली. असा वर्ग कसा चालणार? कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचे तर खाडे पडून पगार कापले जायचे. नळाला पाणी नाही म्हणून बाईची नोकरी गेली, असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. पण जाते.

चौथं शहर पुणे. आता मी माझ्याच चुकीची गोष्ट सांगणार आहे, जरा ऐका.

२००६ साली पुण्याला आलो. हवा छान, सगळीकडे मराठी, गाव चार-पाच तासांवर. मुलं मोठी झालेली. पुण्यासारखं शिक्षण दुसरीकडे नाही, यात शंका नाही. सावित्रीबाई आणि जोतिबांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथेच, भिडे वाड्यात. कर्व्यांनी १९१६ साली बायकांचं विद्यापीठ काढलं तेही इथेच. माझी लेक पुण्यात इंजिनियर झाली. नागपूर-औरंगाबादलाही झाली असती, पण इथे तिला शिकता शिकता नोकरीची वाट दिसली. ते उपकार मी विसरत नाही.

मग २००८ साली आम्ही फ्लॅट घेतला. शहराच्या कडेला, तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेर असलेल्या एका गावात. बिल्डर म्हणाला, "वहिनी, वर्षभरात नगरपालिकेचं पाणी येतंय." रविवारी सकाळी जाऊन बघितला. मोकळी हवा, समोर टेकडी, नव्या टाइल्स. मी टाइल्स बघितल्या आणि नळ उघडून बघितला नाही. नागपूरला साठवलेले माझे सगळे पैसे त्यात घातले. तीन मशीनं विकली तेही पैसे त्यातच.

राहायला गेलो आणि कळलं की पाणी टँकरचं. वर्षभरात येणारं पाणी आम्ही तिथे होतो तोवर आलं नाही. मार्च लागला की टँकरवाल्याचा भाव वाढायचा, सोसायटीच्या बैठकीत भांडणं व्हायची. बस तासाला एक, तीही भरून. यांच्याकडे स्कूटर होती, ते जायचे. मी मात्र घरात. माझ्या वर्गाला यायला मुली कोण? आसपास सगळी बांधकामं. आत शहरात जाऊन काम धरावं तर दोन बस बदलून पावणेदोन तास. मुंबईत मी तेवढाच प्रवास केला होता, पण तिथे मिनिटा-मिनिटाला गाडी होती. इथे वाट बघण्यातच जीव जायचा. सहा महिने केलं आणि सोडलं. उरलेलं एक मशीन बाल्कनीत चादर टाकून ठेवलं.

अकरा वर्षं मी त्या फ्लॅटमध्ये काढली. गावाकडे सगळे म्हणायचे, "पुण्यात स्वतःचा फ्लॅट, आणखी काय पाहिजे?" मी पण तेच म्हणायची. पण खरं सांगते, नागपूरची भाड्याच्या घरातली मी कमावती होते, पुण्याच्या स्वतःच्या घरातली मी नव्हते. आणि याचा दोष पुण्याला देऊन चालणार नाही. त्याच पुण्यात कोथरूडला, सदाशिव पेठेत माझ्या मैत्रिणी नळाचं पाणी भरत होत्या, पायी कामाला जात होत्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं ज्या शहराच्या डोक्यावर आहेत, त्याच्याच कडेला आम्ही टँकर मोजत होतो. नाव एकच, शहरं दोन.

मैत्रिणींनो, मला तेव्हा कळलं ते हे. मुंबई चांगली की पुणे, नागपूर की नाशिक, हा प्रश्नच अपुरा आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात, पुणे एकतीस लाख, नागपूर चोवीस लाख, नाशिक पंधरा लाख. एवढ्या माणसांचं एकच शहर कसं असेल? आपल्या वाट्याला अख्खं शहर येत नाही. एक गल्ली येते, एक नळ येतो, एक बसथांबा येतो आणि कामाची एक जागा येते. या चारांमध्ये घरातल्या बाईचा दिवस कसा जाणार, तेवढंच आपल्यासाठी ते शहर.

नाशिकचं म्हणाल तर माझी नणंद तिथे आहे. गंगापूर धरण जवळ, त्यामुळे तिच्या भागात पाणी रोज. हवा बरी, द्राक्षं दारात, मुंबई तीन-चार तासांवर. पण तिची सून कॉम्प्युटरवाली. तिच्या शिक्षणाचं काम तिला तिथे मनासारखं मिळेना, म्हणून ती आठवड्यातून दोनदा मुंबईला जाते. म्हणजे सासूला नाशिक चांगलं, सुनेला निम्मं.

आणि आपलं सोलापूर? आपण त्याला शहरात धरतच नाही. पण लग्नाचा बस्ता तिथे, मोठं दुखणं निघालं की तिथे. घर स्वस्त, अंतर दीड-दोन तास, घरचं आजारी पडलं तर रात्रीत पोचता येतं. विड्या वळून आणि चादरींच्या मागावर राबून हजारो बायकांनी तिथे घरं उभी केली. पण पाणी तिथेही रोज नाही. उजनीहून शंभराहून जास्त किलोमीटर पाइपलाइननं आणायचं. आणि उजनीत येतं ते कुठून? पुण्यानं वापरून मुळा-मुठेत सोडलेलं पाणी भीमेतून उजनीत येतं. मुंबई सात तलावांचं पाणी पिते, आणि त्यातली मोठी धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. एका शहराची सोय ही दुसऱ्या गावाची गैरसोय असते, हेही आपण ध्यानात ठेवलं पाहिजे.

आता भाचीला मी काय सांगितलं ते सांगते. मी म्हटलं, "कुठल्या शहरात राहू ते मी सांगणार नाही. एक वही घे. दोन पानं कर, मोशी आणि नागपूर. पहाटे उठण्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंतचा तुझा दिवस दोन्ही पानांवर लिही. आणि चार प्रश्न विचार."

पहिला, पाणी. किती दिवसांनी, किती वाजता, किती वेळ? हे बिल्डरला किंवा घरमालकाला विचारायचं नाही. समोरच्या घरातल्या बाईला विचारायचं. ती खरं सांगते. आणि जायचं ते रविवारी जानेवारीत नाही, एप्रिल-मेमध्ये, कामाच्या दिवशी.

दुसरा, वाट. घरापासून कामापर्यंत दारात कुलूप लावल्यापासून मोजायचं. रात्रपाळी संपल्यावर कशी येशील? थांब्यापासून घरापर्यंत दिवे आहेत का?

तिसरा, काम. नवऱ्याचं काम सगळेच बघतात. तुझं काम तिथे टिकेल का? आणि तुझा पगार, भाडं आणि प्रवास वजा जाता, तुझ्या हातात किती उरतो?

चौथा, माणसं. मूल आजारी पडलं तर अर्ध्या तासात कोण येईल? आणि माहेरी-सासरी काही झालं तर किती वेळात पोचशील? यात एक बरं झालंय. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे. पैशाचं अंतर जरा कमी झालं, वेळेचं तेवढंच आहे.

आणि घर विकत घ्यायचं असेल तर आणखी दोन गोष्टी. प्रकल्पाची महारेरात नोंदणी आहे का बघा. हा कायदा आपल्याकडे २०१७ पासून आहे, आमच्या वेळी नव्हता. आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय टाइल्सकडे बघू नका. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती सवलत घ्या, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कागदावर तुमचं नाव येतं.

भाचीनं वही केली. मोशीच्या पानावर तिचे रोजचे तीन तास बसमध्ये जात होते. खाजगी दवाखान्यात पगार कमी, रजा नाही. मुलगी शेजारणीकडे, त्याचे पैसे वेगळे. नागपूरच्या पानावर दवाखान्याजवळ भाड्याची खोली, कायमची नोकरी, पेन्शनचा आधार. पण तिथे चौथा प्रश्न कोरा. तिच्या ओळखीचं कुणी नाही. आणि जावईबापूंचं काम नाही.

मग ती वही तिनं जावईबापूंच्या पुढे ठेवली. मला वाटलं होतं, भांडण होणार. पण त्यांनी दोन्ही पानं वाचली, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तू रोज पावणेपाचला उठतेस हे मला माहीतच नव्हतं." एका घरात राहून! मैत्रिणींनो, ते वाईट नाहीत. त्यांची पाळी दुपारची असते, ती उठते तेव्हा ते झोपलेले असतात. कुणी कधी लिहून दाखवलं नव्हतं, एवढंच.

शेवट गोड झाला असं मी सांगणार नाही, कारण तो अजून झालेला नाही. भाची गेल्या पंधरवड्यात नागपूरला रुजू झाली. मुलगी सध्या तिच्याबरोबर आहे, आणि तिच्या सासूबाई, हो, लांब पडेल म्हणणाऱ्या त्याच सासूबाई, गुडघे दुखत असताना तीन महिन्यांसाठी सोबत गेल्या आहेत. जावईबापू अजून चाकणला आहेत. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत अर्ज केलेत. मिळेल की नाही, कुणास ठाऊक. नाही मिळालं तर त्यांना पुन्हा वही उघडावी लागेल. मी माझ्या नागपूरच्या शेजारणीला फोन केला. त्या आता सत्तरीच्या आहेत. म्हणाल्या, "पाठव तिला माझ्याकडे, मी आहे नं." चौथ्या प्रश्नाचं एक ओळीचं उत्तर तरी मिळालं.

जाता जाता एवढंच. तुमच्या घरी मुलीचं स्थळ येईल, मुलाची बदली होईल, कुणी फ्लॅट बघायला जाईल. त्या वेळी पुरुषमाणसं किंमत, चौरस फूट, हप्ता यावर बोलतील. ते बोलायलाच हवं. पण त्या बैठकीत जिला तिथे पहाटे उठून नळ सोडायचा आहे, तिला मध्ये बसवा आणि तिला विचारा. ती सून असो, लेक असो, नाहीतर तुम्ही स्वतः. कुणी विचारलं नाही, तर वही पुढे ठेवा. मी २००८ साली ठेवली नाही. आज तुमच्यापुढे ठेवली.

माझं मशीन मी आता गावी आणलंय, तेल घातलंय. सोमवारपासून चार मुली शिकायला येतायत. इथे नळाला पाणी दिवसाआड येतं, पण ते सकाळी सातलाच येतं, म्हणून वर्ग दहाला ठेवलाय.

तुमच्या शहराचा, तुमच्या दिवसाचा अनुभव आम्हाला पत्रानं नाहीतर फोन करून जरूर कळवा.